खंडपीठाचा दणका, पण नेमका कुणाला?

वर्ध्यातल्या कुठल्याही वाचनालयात आठवडाभराची वर्तमानपत्रे चाळा. ‘खंडपीठाचा दणका’, ‘सरकारला चपराक’, ‘उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले’ यांपैकी एखादा मथळा सापडतोच. ती बातमी चौकात पोचेपर्यंत आणखी फुगते. कुणी सांगतो, कायदाच उडाला. कुणी म्हणतो, आता सगळ्यांनाच मिळणार. अशा ऐकीव गोष्टींवर विसंबून माणसे मोठे निर्णय घेतात. कुणाचे अपील करायचे राहून जाते, कुणी मुलीच्या प्रवेशाचा हिशेब चुकवतो, तर कुणी घरातला माणूस कोठडीत असताना नुसती वाट बघत बसतो.

निकालाचा खरा परिणाम मथळ्यात नसतो. न्यायालयाने शेवटी काय आदेश दिला आणि त्यानंतर विधिमंडळाने व सर्वोच्च न्यायालयाने काय केले, यावर तो ठरतो. म्हणून बातमी वाचताना चार प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. कोणते कलम? त्यावर सरकारने काय केले? निकाल वरच्या न्यायालयात टिकला का? आणि तो मला लागू होतो का? हे चार प्रश्न कसे वापरायचे, ते आपल्याच भागातल्या खऱ्या निकालांवरून पाहू.

वर्ध्याचे उच्च न्यायालय

वर्धा जिल्ह्यासाठी उच्च न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. १९३६ पासून नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि ते न्यायालय संपले. १ मे १९६० पासून नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे कायम पीठ आहे. मुंबई, छत्रपती संभाजीनगर, नागपूर यांसारख्या कुठल्याही पीठाने राज्याच्या एखाद्या कायद्याबद्दल निकाल दिला, तरी तो एकाच उच्च न्यायालयाचा निकाल असतो आणि राज्यभरातली खालची न्यायालये त्याने बांधली जातात. मुंबईचा निकाल आपल्याला लागू नाही, असे कुणी तालुक्याच्या कचेरीत सांगितले तर ते खरे मानू नका.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ मुळे उच्च न्यायालयाचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या दारापेक्षा रुंद आहे. अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जायचे तर मूलभूत हक्काचा भंग दाखवावा लागतो. उच्च न्यायालयात साध्या कायदेशीर हक्कासाठीही रिट याचिका करता येते. पेन्शन अडली, जातपडताळणीचा दावा फेटाळला गेला, ग्रामपंचायतीतले सदस्यत्व गेले किंवा जमीन संपादनाची नोटीस चुकीची निघाली, अशा प्रकरणांचाही त्यात समावेश होतो.

राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयाला नाही. खटल्यात तसा प्रश्न उभा राहिला आणि निकाल त्यावरच अवलंबून असला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ खाली तो प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो.

आधी बघा, निकाल लागला आहे का

चार प्रश्नांकडे वळण्याआधी एक चाळणी लावा. न्यायालयाच्या पुष्कळ बातम्या निकालाच्या नसतातच.

‘सरकारला नोटीस बजावली’ याचा अर्थ एवढाच की न्यायालयाने दुसऱ्या बाजूचे म्हणणे मागवले. त्याने कुणाचा हक्क वाढत नाही आणि कुणाचा कमीही होत नाही. ‘ताशेरे ओढले’ म्हणजे पुष्कळदा सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी काही बोललेले असतात. ते लेखी आदेशात उतरले नसेल तर कोणत्याही कार्यालयावर बंधनकारक नसते. ‘स्थगिती’ मात्र खरा आदेश असतो. ती पुढच्या तारखेपर्यंत किंवा निकालापर्यंत असते, उठवलीही जाऊ शकते, आणि पुष्कळदा फक्त याचिका करणाऱ्यापुरती असते. शेजाऱ्याच्या अतिक्रमणावरच्या कारवाईला स्थगिती मिळाली म्हणून तुमची भिंत वाचत नाही.

‘याचिका निकाली काढली’ या शब्दांनीही पुष्कळ गैरसमज होतात. निकाली काढणे म्हणजे जिंकणे नव्हे. अनेकदा न्यायालय अधिकाऱ्याला एवढेच सांगते की अर्जदाराच्या अर्जावर अमुक आठवड्यांत निर्णय घ्या. तो निर्णय होकाराचाच असावा, असे त्या आदेशात नसते.

पहिला प्रश्न: कोणते कलम?

‘कायदा रद्द’ असा मथळा असतो तेव्हा बहुतेक वेळा एखादे कलम, कधी कलमातले एखादे वाक्य तर कधी दोनच शब्द गेलेले असतात. याचा सगळ्यात मोठा दाखला वर्धेकरांच्या रोजच्या जगण्यातला आहे. तो म्हणजे दारूबंदी.

वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. पण वर्ध्यासाठी वेगळा दारूबंदी कायदा आहे, हा समज चुकीचा आहे. राज्यभर एकच कायदा लागू आहे, १९४९ चा. पूर्वी तो मुंबई दारूबंदी अधिनियम होता, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. या कायद्याने परवान्याशिवाय दारू बनवणे, विकणे, बाळगणे आणि पिणे राज्यात सगळीकडेच गुन्हा आहे. परवाना ही सवलत आहे. नागपुरात दुकानांना परवाने मिळतात, वर्ध्यात मिळत नाहीत, एवढाच फरक. हा फरक शासनाच्या धोरणातून आला आहे. म्हणूनच चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी लावता आली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाला ती उठवता आली. दोन्ही वेळा मूळ कायदा जागचा हलला नाही.

या कायद्याला पहिला मोठा धक्का मुंबई उच्च न्यायालयाने दिला. राज्यघटना लागू झाल्यावर काही महिन्यांतच फ्राम नसरवानजी बलसारा यांनी याचिका केली. व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्याबरोबर औषधी वाइन आणि ओ-द-कोलोनसारख्या वस्तू बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क त्यांनी मागितला. ऑगस्ट १९५० मध्ये उच्च न्यायालयाने कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी अवैध ठरवल्या. सरकार अपिलात गेले आणि २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी पुन्हा उभ्या केल्या, काहींवर उच्च न्यायालयाचेच मत कायम ठेवले.

शेवटी हाती काय उरले, ते बघा. दारूबंदी कायदा टिकला. दारूचा धंदा करण्याचा किंवा ती पिण्याचा मूलभूत हक्क कुणालाही मिळाला नाही. पण तीन गोष्टी बदलल्या. अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरची बंदी गेली. मादक पदार्थाची नुसती वाखाणणी करणे किंवा कायदा निष्फळ ठरेल असे लोकांना उत्तेजन देणे, हा गुन्हा ठरवणारे शब्द अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून गेले. आणि माणसाला अडकवून ठेवण्याचे किंवा त्याच्या हालचालींवर बंधने घालण्याचे जे अधिकार कलम १३६ ने दिले होते, त्यांतले काही गेले.

याचा आजचा अर्थ साधा आहे. वर्ध्यात कुणी सभेत उभा राहून ‘बंदी उठवा’ म्हणाला किंवा तसा लेख लिहिला, तर नुसत्या त्या मताबद्दल दारूबंदी कायद्याखाली गुन्हा होत नाही. दारूच्या जाहिरातीवरची बंदी मात्र कायम आहे. घरात अल्कोहोलयुक्त खोकल्याचे औषध किंवा अत्तर आहे म्हणून कुणी धमकावत असेल, तर तो सत्तर वर्षांपूर्वी संपलेला वाद उकरून काढतो आहे.

पासष्ट वर्षांनी त्याच उच्च न्यायालयात याच पद्धतीचा निकाल लागला. महाराष्ट्र प्राणिरक्षण कायदा मूळचा १९७६ चा. त्याच्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. ६ मे २०१६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. कत्तलबंदी टिकली. परराज्यात कायदेशीर कत्तल झालेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम ५ड माणसाच्या खासगी जीवनात घुसणारे म्हणून गेले. निर्दोष असल्याचे आरोपीनेच सिद्ध करावे, असे सांगणारे ९ब गेले. आणि कलम ५क टिकले, पण त्याचा अर्थ न्यायालयाने आवळला. जाणीवपूर्वक बाळगले असेल तरच गुन्हा. हा निकालही पुढे अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेला.

एकाच निकालात तीन प्रकार आले. काही कलमे उडाली, काही टिकली, एक टिकले पण त्याचा अर्थ बदलला. बातमीत यातला एकच प्रकार येतो. म्हणून निकालाचे शेवटचे पान बघा. वकील त्याला ‘ऑपरेटिव्ह ऑर्डर’ म्हणतात. त्यात कलमाचा आकडा असतो आणि त्या कलमाचे काय झाले तेही असते.

आणखी एक सावधगिरी. न्यायालयाने मारलेले कलम कायद्याच्या पुस्तकातून आपोआप पुसले जात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवले. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली होती, ते हेच कलम. तरीही देशभरात अनेक ठाण्यांमध्ये त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबद्दल आश्चर्य व्यक्त करावे लागले. गुन्ह्यात कोणते कलम लावले, हे विचारा आणि ते आज जिवंत आहे का, ते वकिलाकडून तपासून घ्या.

दुसरा प्रश्न: त्यावर सरकारने काय केले?

निकाल लागला की विधिमंडळ गप्प बसत नाही. न्यायालयाने दाखवलेली उणीव भरून कायदा पुन्हा आणता येतो. दारूबंदीत तेच झाले.

बलसारा निकालानंतर एका वाहनचालकावर दारू प्यायल्याचा खटला झाला. अपघात झाला होता आणि तोंडाला दारूचा वास होता. आपण अल्कोहोल असलेले टॉनिक घेतले होते, असा त्याचा बचाव होता. दंडाधिकाऱ्यांनी त्याला सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. औषधावरची बंदी घटनाबाह्य ठरली असेल, तर आरोपीने औषध नव्हे तर बंदी असलेली दारूच घेतली होती, हे सरकारी पक्षाने सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे नुसत्या वासावर शिक्षा टिकेना.

या काळात सरकारने कायद्यातही बदल केले. दारू म्हणून पिता येणार नाहीत अशा औषधी आणि प्रसाधन वस्तूंना स्वतंत्र कलमांनी मोकळीक मिळाली. १९५९ मध्ये दारूबंदी कायद्याच्या कलम ६६ ला दुसरे पोटकलम जोडले गेले. रक्तात वजन-आकारमानाने ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल आढळले, तर ते औषध होते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. न्यायालयाने सरकारवर टाकलेला भार विधिमंडळाने रक्तचाचणीच्या अटीवर फिरवून घेतला. त्याच वर्षीच्या कायद्याने मुंबईचा दारूबंदी कायदा विदर्भालाही लागू झाला. १९५१ मध्ये वर्धा मुंबई राज्यात नव्हता, तरी कायदा इकडे आला तो न्यायालयाने केलेल्या काटछाटीसकट आला.

वाचकाने यातून घ्यायचे ते असे. वर्ध्यात एखाद्यावर दारू प्यायल्याचा गुन्हा दाखल झाला, तर पुढील गोष्टी बघा.

• रक्त नोंदणीकृत डॉक्टरनेच घेतले का? तो कुठला डॉक्टर, किती वाजता, हे कागदावर आहे का?

• सुई टोचण्यापूर्वी कातडीला अल्कोहोल लावले का? १९५९ च्या नियमांनी ते मना केले आहे. कारण उघड आहे.

• नमुना सीलबंद होता का? नियमाप्रमाणे तो सात दिवसांत तपासणीसाठी पोचला का?

• अहवालात अल्कोहोलचे प्रमाण किती? दारूबंदी कायद्यातली रेषा शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅमची, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली ३० मिलिग्रॅमची. वाहन चालवत असल्यास दुसरी रेषाही लागू होते.

हे प्रश्न नियमांतून आलेले आहेत आणि दारूच्या खटल्याचे पारडे पुष्कळदा त्यांवरच फिरते. कायदा मोडायला मदत व्हावी म्हणून ते सांगितलेले नाहीत. नियम पाळून केलेली कारवाईच न्यायालयात टिकते, हे ठाण्यालाही ठाऊक असायला हवे.

तिसरा प्रश्न: निकाल टिकला का?

उच्च न्यायालयाचा निकाल राज्यात बंधनकारक असतो, पण शेवटचा नसतो. विदर्भात हे सगळ्यात जास्त गोवारी समाजाला सोसावे लागले.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर निघालेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जणांचा जीव गेला. अनुसूचित जमातीचा दर्जा, ही त्यांची मागणी होती. जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे, नुसती ‘गोवारी’ अशी नाही. १४ ऑगस्ट २०१८ रोजी नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. गोंड गोवारी नावाची वेगळी जमात १९११ पूर्वीच लोप पावली होती, त्यामुळे यादीतली नोंद गोवारींचीच आहे, असे न्यायालयाने मानले. वर्ध्यापासून भंडाऱ्यापर्यंत लोकांनी प्रमाणपत्रे काढली, मुलांनी प्रवेश घेतले.

१८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. राष्ट्रपतींच्या आदेशातल्या यादीत भर घालायची असेल तर ते काम संसदेचे आहे, न्यायालयाला अर्थ लावण्याच्या नावाखाली ते करता येत नाही, असे त्यात म्हटले होते. मधल्या काळात निकालाच्या आधारे मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या न्यायालयाने काढून घेतल्या नाहीत. मात्र त्यापुढे अनुसूचित जमातीचे लाभ मिळणार नाहीत, असे ठरले.

मराठा आरक्षणाचेही असेच. २०१८ च्या कायद्याने १६ टक्के दिले. २७ जून २०१९ रोजी उच्च न्यायालयाने कायदा मान्य केला, पण प्रमाण शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ टक्क्यांवर आणले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला.

अशा निकालावर ज्यांचा प्रवेश किंवा नोकरी अवलंबून आहे, त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. सरकार किंवा दुसरा पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेला का, आणि तिथे स्थगिती मिळाली का, ते दर महिन्याला तपासावे. प्रवेशाच्या किंवा नेमणुकीच्या पत्रात ‘न्यायालयीन निर्णयाच्या अधीन राहून’ असे शब्द आहेत का, ते वाचावे. आणि हाती असलेला दुसरा हक्क सोडू नये. इतर मागास, विशेष मागास किंवा खुल्या प्रवर्गातून जागा मिळत असेल तर ती संधीही धरून ठेवावी.

चौथा प्रश्न: तो मला लागू होतो का?

दुसऱ्याच्या प्रकरणात लागलेला निकाल आपल्या कामी येतो, पण सरसकट नाही. तुमची वस्तुस्थिती त्याच्यासारखी असावी लागते. जातपडताळणीत, म्हणजे सगळे ज्याला ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात त्यात, हा प्रश्न घरोघरी येतो.

राज्याच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याप्रमाणे दावा सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. त्यासाठी त्या त्या प्रवर्गाला ठरवून दिलेल्या मानीव दिनांकापूर्वीचे पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा-पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकाची नक्कल आणि शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीचा उतारा यांना इथे मोल येते.

या विषयात उच्च न्यायालयाच्या निकालांनी नागरिकाची बाजू बरीच मजबूत केली आहे. वडिलांच्या बाजूच्या रक्तातल्या नातेवाइकाला रीतसर चौकशी होऊन व्हॅलिडिटी मिळाली असेल, तर त्याच कुटुंबातल्या दुसऱ्याचा दावा समितीने सहजासहजी फेटाळू नये, असे उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही नातेवाइकाच्या व्हॅलिडिटीला असेच वजन दिले. शिवाय जमातीच्या चालीरीती, बोली, दैवते यांची प्रश्नोत्तरे करणारी आप्तभाव चाचणी हा एकमेव निकष असू शकत नाही, असेही सांगितले. शहरात दोन-तीन पिढ्या वाढलेल्या मुलाला गोंडी गाणे येत नाही म्हणून त्याचा दावा तेवढ्यावर पडू नये.

पण अटी नीट वाचा. नातेवाईक वडिलांकडचाच हवा, वंशावळ जुळायला हवी, त्याची व्हॅलिडिटी दक्षता पथकाच्या चौकशीनंतर आणि कारणे देऊन मिळालेली हवी. खोट्या कागदांवर किंवा चौकशीविना मिळालेली असेल तर ती तुम्हाला तारणार नाही, उलट तीच अडचणीत येईल. म्हणून अर्जासोबत नातेवाइकाचे नुसते प्रमाणपत्र जोडून थांबू नका. वंशावळीचे शपथपत्र द्या, शक्य असेल तर त्यांच्या प्रकरणातला समितीचा आदेश आणि दक्षता अहवालही मिळवून जोडा.

समितीने दावा फेटाळला तर जिल्हाधिकारी, मंत्रालय किंवा दिवाणी न्यायालय या वाटा या कायद्याने बंद आहेत. फक्त अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात, म्हणजे नागपूरला जाता येते. अर्जविनंत्यांत महिने घालवू नका. उशिराचे कारण न्यायालयाला सांगावे लागते आणि तोवर प्रवेशाची शेवटची तारीख उलटून जाते.

निकालाने कायदा जागाही होतो

प्रत्येक निकाल कायदा मारणारा नसतो. जुना, कुणी न वापरलेला कायदा न्यायालय कामाला लावते, तेव्हा परिणाम अनेकदा जास्त होतो.

वर्ध्यातले लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये दलितांसाठी खुले केले, तेव्हा त्यामागे कायदा नव्हता. राज्याचा हिंदू सार्वजनिक पूजास्थान प्रवेश कायदा १९५६ मध्ये आला. मंदिरप्रवेशापासून कुणाला रोखले तर सहा महिन्यांपर्यंत कैद त्यात आहे. साठ वर्षे तो जवळजवळ पुस्तकातच होता. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना मनाई असल्याबद्दल विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी जनहित याचिका केली. तीत १ एप्रिल २०१६ रोजी उच्च न्यायालयाने सरकारला सांगितले की हा कायदा स्त्रियांनाही लागू आहे आणि तो अमलात आणणे तुमचे कर्तव्य आहे. आठवड्याभरात, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा स्त्रियांसाठी खुला झाला. त्यासाठी एकही नवे कलम लिहावे लागले नाही.

म्हणून आपली अडचण घेऊन वकिलाकडे जाताना ‘कायदा चुकीचा आहे का’ एवढेच विचारू नका. आपल्या बाजूचा कायदा आधीपासून असूनही अधिकारी तो वापरत नाहीत, असे तर नाही ना, हेही विचारा. कायदा रद्द करून घेण्यापेक्षा असलेला कायदा पाळायला लावणारा आदेश मिळवणे बहुधा सोपे जाते.

स्वतः दाद मागायची असेल तर

आधी वाट तपासा. कायद्यात अपिलाची सोय असेल तर सहसा ते आधी करावे लागते. तहसीलदाराच्या आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील होत असताना थेट नागपूर गाठले, तर खंडपीठ बहुतेक वेळा परत पाठवते. मूलभूत हक्काचा भंग, बाजू ऐकून न घेता दिलेला आदेश किंवा अधिकारच नसताना दिलेला आदेश, हे त्याला अपवाद.

कागद आधी जमवा. ज्या आदेशाविरुद्ध जायचे त्याची प्रमाणित प्रत, केलेल्या प्रत्येक अर्जाची पोच आणि तारखांची एका पानावरची यादी एवढे असले की वकिलाचा अर्धा वेळ वाचतो. तोंडी उत्तर मिळाले असेल तर ते लेखी मागा. लेखी देत नसतील तर माहिती अधिकारात मागा.

व्यक्ती ताब्यात असेल तर मात्र थांबू नका. दारूच्या गुन्ह्यांत पुन्हापुन्हा सापडणाऱ्यावर १९८१ च्या कायद्याखाली स्थानबद्धतेचा आदेश निघू शकतो. ठाण्याच्या भाषेत ‘एमपीडीए लागली’. या कायद्याने १२ महिन्यांपर्यंत खटल्याशिवाय डांबता येते, म्हणूनच त्याची प्रक्रिया न्यायालये काटेकोरपणे बघतात. स्थानबद्धतेची कारणे पाच दिवसांच्या आत द्यावी लागतात, आणि तीही त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत. शासनाकडे निवेदन करण्याचा त्याला हक्क असतो आणि प्रकरण सल्लागार मंडळापुढे जावे लागते. कारणे उशिरा देणे, कागदांचा मराठी तरजुमा न देणे, निवेदनाचा विचार लांबवणे यांतल्या चुकांवर असे आदेश उच्च न्यायालयात रद्द झाले आहेत. म्हणून कुटुंबाने पहिल्याच दिवसापासून कोणता कागद कोणत्या तारखेला आणि कोणत्या भाषेत मिळाला, याची नोंद ठेवावी.

पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतली माणसे यांना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. इतरांसाठी राज्याने उत्पन्नाची मर्यादा ठरवली आहे. वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. आर्वी, हिंगणघाटसारख्या तालुक्याच्या ठिकाणी तिथल्या न्यायालयात चौकशी करा. नागपूर खंडपीठात जायचे असेल तर तिथे उच्च न्यायालयाची विधी सेवा उपसमिती आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते.

निकाल स्वतः बघा. बातमीत पक्षकारांची नावे किंवा याचिकेचा क्रमांक आणि वर्ष असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर तो निकाल विनामूल्य उघडतो. इंग्रजी अवघड वाटले तर सगळा वाचू नका. पहिल्या पानावर पक्षकार आणि तारीख, शेवटच्या पानावर आदेश, एवढ्या दोन पानांची छापील प्रत घेऊन वकिलाकडे किंवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा.

आणि एखाद्या कचेरीत ‘कोर्टाचा निर्णय आहे’ असे सांगून कुणी तुमचे काम अडवले, तर त्यालाही तेच विचारा: कोणत्या तारखेचा, कोणत्या कलमाबद्दलचा आणि कोणाला लागू असलेला? उत्तर लेखी मागा. निर्णय खरा असेल तर ते तीन ओळींत लिहिता येते. ते मिळाले नाही, तर अडवणूक न्यायालयाने केलेली नाही, कचेरीने केली आहे, आणि त्याविरुद्ध तक्रार व अपील करण्याचा मार्ग मोकळा आहे.